अकराव्या महिन्याचं गणित

मुंबईत भाड्याचं घर भांडण होऊन सुटतं असं फार कमी वेळा घडतं. अकरा महिन्यांच्या कराराचा दहावा महिना चालू असतो, मालकाचा फोन येतो, "यंदा रिन्यू करायचं की नाही ते अजून ठरवलं नाही हो," आणि भाडेकरू काय ते समजतो. कारणं ठरलेली असतात. मुलाचं लग्न आहे, गावाहून आईला आणायचंय, फ्लॅट विकायचाय. अलीकडे त्यात आणखी एक आलंय, पण ते सहसा कुणी बोलून दाखवत नाही: फ्लॅट रात्रीच्या हिशेबाने, म्हणजे शॉर्ट-स्टेला, द्यायचाय.

अशी घरं शहरभर सारखी पसरलेली नाहीत. वांद्र्यात रनवार, पाली, चिंबई. विमानतळाच्या अंगाला मरोळ आणि जे. बी. नगर. पवईत हिरानंदानी, शिवाय वर्सोवा आणि कुलाबा. गिऱ्हाईक जागेगणिक वेगळं. वांद्र्यात हौशी पाहुणे, मरोळला पहाटेचं विमान पकडणारे, बीकेसीच्या आसपास अमेरिकी वकिलातीत व्हिसासाठी आलेली कुटुंबं. परळला टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेणाऱ्यांचे नातेवाईक. त्यांना हॉटेल परवडत नाही आणि पथ्याचं शिजवायला गॅस लागतो. त्यामुळे "शॉर्ट-स्टे सगळे बंद करा" ही मागणी मला पटत नाही. पण वर्षभर राहणाऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर त्यापायी कसं जातं, आणि जाऊ नये म्हणून आधी काय करता येतं, हे नीट मांडायला हवं.

सोसायटीत असा फ्लॅट ओळखायला फार अक्कल लागत नाही. दारावर आकड्यांचं कुलूप येतं. नाहीतर जिन्याच्या ग्रिलला किंवा गॅसच्या पाइपाला साबणाच्या वडीएवढी लोखंडी डबी लटकते. चार आकडे जुळवले की झाकण खाली पडतं आणि आत किल्ली. वॉचमनच्या वहीत "७०३ गेस्ट" एवढीच नोंद, जाण्याच्या वेळेचा रकाना कोरा. सकाळी अकराला जुने पाहुणे जातात, दुपारी दोनला नवे येतात, आणि मधल्या तीन तासांत एक बाई पांढऱ्या चादरींच्या दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन लिफ्टने उतरते. त्याच मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलीला मात्र सोसायटीने सांगितलेलं असतं, रात्री दहानंतर कुणी भेटायला आलेलं चालणार नाही. हा विनोद मुंबईत बऱ्याच इमारतींत रोज चालतो.

आता मालकाच्या डोक्यातला हिशेब बघू. समजा मरोळला एक वन बीएचके आहे. भाडं ४०,०००, डिपॉझिट दीड लाख. मालकाला कुणीतरी सांगितलं की असल्या फ्लॅटला रात्रीचे ४,५०० मिळतात. तो लगेच तीसने गुणतो आणि १,३५,००० वर पोचतो. गफलत होते ती इथेच. महिन्याच्या तीसही रात्री घर भरलेलं राहत नाही; आपण अठरा धरू, आणि पावसाळ्यात तेवढ्याही अवघड. अठरा रात्रींचे ८१,००० झाले. त्यातून प्लॅटफॉर्मचं, म्हणजे बुकिंगच्या ॲपचं, कमिशन १५ टक्के धरलं तर १२,१५० गेले. अठरा रात्रींत साधारण आठ वेळा पाहुणे बदलतात. प्रत्येक वेळी सफाई आणि धुलाई मिळून ७५०, म्हणजे ६,०००. एसी भाडेकरू जपून लावतो, पाहुणा खिडकी उघडी ठेवून लावतो. विजेचे ५,००० धरा. वायफाय ८००. साबण, चहापत्ती, पाण्याच्या बाटल्या १,०००. उरले ५६,०५०.

म्हणजे १६,००० चा फायदा, असं वाटेल. पण रात्री दीड वाजता "गीझर चालत नाही" म्हणून येणारा फोन कुणी घ्यायचा? मालक ठाण्यात नाहीतर दुबईत असेल तर मॅनेजर ठेवावा लागतो, आणि तो जमेच्या २० टक्के घेतो. ८१,००० चे १६,२०० वजा केले की हातात ३९,८५०. भाडेकरू गुपचूप देत होता त्याहून दीडशे रुपये कमी! शिवाय गादी, एसी, टीव्ही, पडदे, भांडी यांसाठी सुरुवातीला दोन-अडीच लाख घातलेले असतात. २,४०,००० धरले आणि तीन वर्षांत वाटले तर महिन्याला ६,६०० च्या वर. आणि रात्रीचा दर ३,००० वरच अडकला तर मॅनेजरसकट सगळं जाऊन २२,३०० उरतात.

आयकराचा मुद्दा मालक लोक विसरतातच. साध्या घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. सेवा पुरवून चालवलेला धंदा म्हणून तेच उत्पन्न धरलं गेलं तर ही वजावट नाही. खर्चाचा कागद न् कागद जपायचा. पाहुण्याच्या बिलावर जीएसटी येतो तो वेगळाच. ७,५०० पर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे.

हा हिशेब इतका खोलात दिला कारण भाडेकरूच्या हातात घासाघीस करायला दुसरं फारसं काही नसतं. "बाहेर मला लाख मिळतात" असं मालक म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असतो असं नाही, त्याने फक्त वजाबाकी केलेली नसते. ती कागदावर करून दाखवली तर बरेच मालक थोड्या वाढीवर तयार होतात. मात्र घर जिथे खरंच हातचं जातं अशी दोन ठिकाणं आहेत: जिथे रात्रीचा दर ४,५०० च्या बराच वर आहे, आणि जिथे मालक त्याच इमारतीत किंवा गल्लीत राहतो, म्हणजे मॅनेजरचा खर्च शून्य. वांद्र्यात जुन्या बंगलीचा वरचा मजला भाड्याने घेतला असेल आणि मालक खाली राहत असेल तर दोन्ही गोष्टी एकदम जुळतात.

शॉर्ट-स्टेमुळे भाडं वाढतं म्हणतात ते दोन वाटांनी. एक उघड: बाजारातून घर कमी झालं. दुसरी वाट जास्त लांब पोचते. इमारतीतल्या एका फ्लॅटला एका शनिवार-रविवारी मिळालेला दर बाकीच्या मालकांच्या कानावर जातो आणि तोच भाव होऊन बसतो. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा आसपासच्या खोल्यांचे दर कित्येक पटींनी चढले होते. असा आठवडा वर्षातून एखाद-दोनदा येतो, पण गप्पांत तो बाराही महिने राहतो. ब्रोकरलाही हे सोयीचंच, त्याची दलाली महिन्याच्या भाड्यावर ठरते.

तरीही सगळं खापर यावर फोडू नये. मुंबईत एक सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली की चाळीस-पन्नास कुटुंबं एकदम त्याच वॉर्डात भाड्याचं घर शोधायला निघतात. मुलांच्या शाळा बदलायच्या नसतात, भाडं बिल्डर देणार असतो, त्यामुळे ती पाच-दहा हजार जास्त मोजायला तयार असतात. पार्ले, चेंबूर, बोरिवली इथे भाडं चढण्याचं हे कारण शॉर्ट-स्टेपेक्षा मोठं आहे, असं माझं मत. आणि २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी सापडली होती, हेही लक्षात ठेवावं. तेव्हा एअरबीएनबी या शॉर्ट-स्टेच्या ॲपचं नाव इथे फारसं कुणाला माहीतही नव्हतं.

रिकाम्या घरांना ही कुलपं का लागली, त्याची मुळं जुनी आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली. प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधलं. भाडेकरू काढता येईना, भाडं वाढवता येईना, म्हणून मालकांनी "भाडेकरू" हा शब्दच टाळला आणि "लिव्ह अँड लायसन्स" सुरू केलं, म्हणजे घर भाडेपट्ट्याने नाही, नुसत्या राहण्याच्या परवान्यावर द्यायचं. मग १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सी, म्हणजे असे परवान्यावर राहणारे, घरात होते त्यांना कायदा दुरुस्त करून भाडेकरूचा दर्जा दिला गेला. त्याचा धसका मालकांनी असा घेतला की घर बंद ठेवलेलं परवडलं, पण द्यायला नको. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २४ ने काटा पार दुसऱ्या टोकाला नेला. लायसन्सची मुदत संपली की मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी लायसन्सीला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

म्हणून पहिली गोष्ट: "मी जाणारच नाही, काय करतात बघू" हा मार्ग नाही. चाळीसाचे ऐंशी होतात.

दुसरी गोष्ट त्याच कलमात आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. लेखी करारात जे लिहिलंय ते या प्रकरणात निर्णायक पुरावा मानलं जातं. फ्लॅट दाखवताना मालक म्हणाला, "अहो, चार-पाच वर्षं आरामात राहा," तर त्याची किंमत शून्य. कागदावर अकरा महिने असतील तर अकराच महिने.

मग अकराच का लिहायचे? लोक म्हणतात, नोंदणी टाळण्यासाठी. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून देशभर अकरा महिन्यांचा रिवाज पडला. पण महाराष्ट्रात त्या पळवाटेला अर्थच उरलेला नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत एक महिना असो की साठ. ही जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अकराचा आकडा आता निव्वळ सवयीचा आहे. त्या सवयीवर ब्रोकरची दर अकरा महिन्यांची दलाली उभी आहे आणि मालकाला दरवर्षी एक खिडकी उघडी मिळते. शॉर्ट-स्टेवाला त्याच खिडकीतून आत येतो.

तेव्हा बोलणी करायची ती मुदतीची. साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते कशावर? पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारं डिपॉझिट असेल तर ते, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर. वरच्याच घराचा अकरा महिन्यांचा हिशेब: भाडं ४,४०,०००, दीड लाखावरचं व्याज १३,७५०, बेरीज ४,५३,७५०, शुल्क १,१३४ च्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. आता तोच करार ३६ महिन्यांचा, दरवर्षी ५ टक्के वाढ धरून: ४०,०००, मग ४२,०००, मग ४४,१००. तीन वर्षांचं भाडं १५,१३,२००, व्याज ४५,०००, बेरीज १५,५८,२००. शुल्क ३,८९६ च्या आसपास आणि नोंदणी फी तीच १,०००. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवे अंगठे, एजंटची नवी फी आणि ब्रोकरची नवी दलाली यापुढे हे स्वस्तच पडतं. मालकालाही सांगण्यासारखं आहे: दर बदलत्या भाडेकरूमागे एक महिना घर रिकामं राहिलं तर वर्षाचा बारावा हिस्सा गेला.

नुसती मुदत लांब असून भागत नाही. ठरावीक छापील करारात एक कलम असतं: कोणत्याही पक्षाने एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवावा. ते तसंच ठेवलं तर तुमचा ३६ महिन्यांचा करार खरं तर एका महिन्याचा आहे. लॉक-इन बघा, म्हणजे करार मोडता येत नाही तो काळ. बहुतेक वेळा तो फक्त भाडेकरूला बांधतो. सहा महिन्यांच्या आत सोडलं तर डिपॉझिटमधून कापायचं, आणि मालक मात्र मोकळा. लॉक-इन दोघांवर सारखा हवा, निदान पहिल्या दोन वर्षांचा, आणि त्या काळात मालकाने घर मागितलं तर दोन महिन्यांचं भाडं आणि हलवाहलवीचा खर्च देण्याची अट हवी. ऑनलाइन नोंदणीत साच्याबाहेरच्या अटी घालायला जागा असते. "सिस्टिम घेत नाही" असं एजंट म्हणाला तर त्याला कंटाळा आलाय एवढंच समजा.

एक भोक मात्र मुदतीने बुजत नाही. लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हे. तो १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातला परवाना आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे मालकाने मालमत्ता दुसऱ्याला दिली तर घेणारा त्या परवान्याने बांधला जात नाही. चार-पाच फ्लॅट घेऊन शॉर्ट-स्टे चालवणाऱ्याने तुमचा फ्लॅट विकत घेतला तर तुमचे उरलेले वीस महिने त्याच्या लेखी नाहीत. म्हणून भरपाईची अट जुन्या मालकावर घाला: "लायसन्स चालू असताना सदनिका विकल्यास किंवा अन्यथा हस्तांतरित केल्यास लायसन्सर ९० दिवसांची लेखी पूर्वसूचना देईल, आणि लायसन्सीला मुदतीआधी जागा सोडावी लागल्यास दोन महिन्यांच्या लायसन्स फीइतकी रक्कम डिपॉझिटसोबत परत करील." बिचकणारा मालक इथेच बिचकतो, आणि तेही आधीच कळलेलं बरं.

आणखी एक वाक्य फुकटात मिळतं: मुदत संपण्याआधी ६० दिवस मालकाने नूतनीकरणाबाबत हो की नाही ते लेखी कळवावं, व्हॉट्सॲपवर कळवलं तरी चालेल. दहाव्या महिन्यातला तो गुळमुळीत फोन यामुळे नवव्यात येतो. तीस दिवसांत घर शोधणं आणि साठ दिवसांत शोधणं यांत मे महिन्यात फार फरक पडतो, कारण शाळा सुरू व्हायच्या आधी सगळेच शोधत असतात. घर स्वतःला हवंय म्हणून काढून घेतलं आणि पंधरा दिवसांत त्याच खिडकीचा फोटो ॲपवर दिसला, तर १९९९ च्या कायद्यातला जुना भाडेकरू पुन्हा ताबा मागू शकतो तशी सोय लायसन्सीला नाही. आतडं पिळवटतं, पण कोर्टात जायला पाय नाहीत.

भाव ठरवताना ब्रोकरच्या तोंडच्या आकड्यावर बसू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, गाव आणि सिटीएस नंबर (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक) टाकला की नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपला इंडेक्स टू, पाहता येतो. लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदीत भाडं आणि डिपॉझिट लिहिलेलं असतं. त्याच इमारतीतल्या दोन-तीन नोंदी काढल्या तर "इथे सगळे पंचावन्न देतात" या वाक्यातली हवा पटकन जाते. सिटीएस नंबर सोसायटीच्या मालमत्ता कराच्या बिलावर सहसा मिळतो.

भाडं वाढून महिन्याला ५०,००० च्या पुढे गेलं तर आणखी एक काम गळ्यात पडतं. भाडेकरूला २ टक्के टीडीएस, म्हणजे मालकाचा आयकर, भाड्यातूनच कापून सरकारकडे भरावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी तो ५ टक्के होता. मालक परदेशस्थ असेल तर ५०,००० ची मर्यादाही नाही आणि दर खूपच चढा आहे. त्याने सही करताना "एनआरआय" हा शब्द काढला नाही म्हणून तुमची सुटका होत नाही, तेव्हा आधी विचारा.

सोसायटीबद्दल थोडं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि नोंदलेल्या कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. बिगर-भोगवटा शुल्क, ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी म्हणतात, ते १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सेवा शुल्क म्हणजे पूर्ण मेंटेनन्सचं बिल नव्हे; मालमत्ता कर, पाणी, सिंकिंग फंड त्यात धरायचे नाहीत. सेवा शुल्क ३,००० असेल तर ३००. काही सोसायट्या शॉर्ट-स्टेच्या रागापोटी सगळ्याच भाड्याच्या फ्लॅटांवर दोन-दोन हजार लावतात. आकार सभासदावर असतो, पण मालक तो अलगद भाडेकरूच्या भाड्यात सरकवतो.

वॉचमनच्या वहीतल्या त्या ७०३ चं काय करायचं, तर आधी त्याला नाव द्यायचं. पाहुणे रात्रीच्या दराने येतात, चादरी बदलतात, किल्ली डबीत असते: हा लॉजिंगचा व्यवहार झाला, लिव्ह अँड लायसन्स नव्हे. केंद्राच्या अतुल्य भारत होमस्टे योजनेत मालक कुटुंबासह त्याच घरात राहत असला पाहिजे, आणि खोल्या एक ते सहा, खाटा जास्तीत जास्त बारा. मालक दुबईत, फ्लॅट अख्खा पाहुण्यांना, हे त्या चौकटीत बसत नाही. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीशिवाय अशी थोड्या दिवसांची घरं लावायला बंदी केली. बार्सिलोनाने जून २०२४ मध्ये जाहीर केलं की सुमारे दहा हजार पर्यटक-फ्लॅटांचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचे. मुंबईत असं बंधन नाही, त्यामुळे तक्रार तुकड्यातुकड्यांनी करावी लागते. निवासी सदनिकेचा वापर बदलला म्हणून वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागाकडे. उपविधींचा भंग होऊनही समिती हलत नाही म्हणून सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे. आणि पाहुण्यांची माहिती दिली जात नाही म्हणून पोलीस ठाण्यात. शेवटचा तुकडा सगळ्यात लवकर हलतो. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारी फॉर्मवर (जुन्या नियमांत त्याला फॉर्म-सी म्हणत) भरावी लागते, आणि ७०३ च्या मालकाला बहुधा तो फॉर्म ठाऊकच नसतो. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसल्यामुळे त्याच्या एकट्याच्या पत्राला समिती उत्तर देईलच असं नाही. शेजारच्या दोन सभासदांच्या सह्या घ्या, तारखांसह वॉचमनच्या वहीच्या पानांचे फोटो जोडा.

कधीकधी भाडेकरूलाच मोह होतो. गणपतीत गावी जाताना दहा दिवस घर रिकामं, टाकू या ॲपवर. बहुतेक करारांत पोटभाड्याला साफ बंदी असते. एका पाहुण्याच्या रिव्ह्यूवरून मालकाला कळलं की करार संपवायला आणि डिपॉझिट अडवायला त्याच्या हातात आयतं कारण. याचीच मोठी आवृत्ती म्हणजे मधला ऑपरेटर. तो मालकाला भाडं दहा-पंधरा टक्के चढं देतो, करार कंपनीच्या नावाने करतो आणि घर स्वतः चालवतो. जीएसटीत नोंदलेल्या भाडेकरूला राहत्या घराच्या भाड्यावर १८ टक्के कर स्वतः भरावा लागतो, त्यामुळे काही ऑपरेटर कंपनी बाजूला ठेवून एखाद्या मुलाच्या नावावर साधा निवासी करार करून घेतात. मालकाला वाटतं सालस नोकरदार मिळाला. दोन महिन्यांनी सोसायटीची नोटीस मालकाच्या नावाने येते. मालक मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल तर ऑफर बाजारभावाहून चढी का आहे हे आधी विचारावं.

पोलीस पडताळणी टाळू नका. पोलीस आयुक्तांचा आदेश ठरावीक मुदतीचा असतो आणि पुन्हा पुन्हा काढला जातो. माहिती द्यायची जबाबदारी मालकाची, पण तिची प्रत तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या. त्या घरात तुम्ही राहायला आलात, पाहुणे म्हणून नव्हे, हे दाखवणारा नोंदलेल्या करारानंतरचा हाच कागद.

आणि घर सोडावंच लागलं, तर डिपॉझिट. करारात शब्द असे हवेत: "रिकाम्या जागेची किल्ली ताब्यात देतानाच". "३० दिवसांत" असं लिहिलं तर ते साठ होतात, आणि तोवर नव्या घराचं डिपॉझिट तुम्ही उसनं घेऊन भरलेलं असतं. पेंटिंगचा वाद सगळीकडे होतो. राहायला येतानाच प्रत्येक भिंतीचा, सिंकखालच्या कपाटाचा आणि बाथरूमच्या छताचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवा, म्हणजे तारीख आपोआप लागते. शेवटच्या दिवशी वीज मीटरचं आणि महानगर गॅसचं रीडिंग मालकासमोर फोटोत घ्या, युनिटचे पैसे तिथेच हिशेबात धरा. बाकी रक्कम खात्यात आल्याचा मेसेज फोनवर दिसला की मग किल्ली द्या. दोन्ही जोड, आणि लेटरबॉक्सची छोटी किल्लीसुद्धा, तिच्यावरून शंभर रुपये कापणारे मालक असतात.